सिंधुबाईचे आठ बोके

दारावर थाप पडली तेव्हा सिंधुबाई देवकाते तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे मानसिंगतात्यांनी, चहाची बशी नुकती तोंडाला लावली होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. टेकवस्तीवर दार वाजवायची रीतच नव्हती. येणारा माणूस कुंपणापासून हाका घालत यायचा आणि अंगणात पोचेपर्यंत त्याचं निम्मं काम सांगूनही झालेलं असायचं. दार वाजवायचे ते दोघंच. एक वीज तोडायला आलेला वायरमन, आणि दुसरा रागावलेला माणूस. विजेचं बिल तर भरलेलं होतं.

"कोन असंल वो?"

"उघड, म्हंजे कळंल," तात्या म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

दारात आबासाहेब उभे होते. वस्तीवरच्या दूध संस्थेचे चेअरमन. पौष महिन्याच्या त्या थंडीतही इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आणि उजव्या हातात, अंगापासून चांगलं हातभर लांब धरलेलं सिमेंटचं पोतं. पोतं सिमेंटचं आहे असं वरवर दिसत होतं. आतून मात्र बारीक आवाजात कुणीतरी तक्रार करत होतं.

"सिंधुबाई," आबासाहेब म्हणाले, "तुमचा बोका व्यालाय."

सिंधुबाईनं पदर सावरला. वेळ काढायची तिची ती पद्धत होती.

"कंचा बोका?"

"आता त्यात बी निवड हाय का? पिवळा! आमच्या पेंडीच्या खोलीत. चार पिल्लं घातलीत."

"बाळबाळंतीण बरी हायत न्हवं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मागं तात्यांना चहाचा ठसका लागला.

वडगाव निंबाळकरहून लोणी भापकरकडं निघालं की मधे डावीकडं ही टेकवस्ती लागते. पन्नासेक घरं, ऊस, जर्सी गाई, आणि वस्तीच्या तोंडाशी सिंधुबाईची पिठाची गिरणी. सिंधुबाईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, मेंढरांमागं हिंडणारं. तात्यांचीही मेंढरं होती. ती एकोणऐंशी साली विकून त्यांनी ही गिरणी टाकली. मेंढरं गेली, पण बाईचा हात तसाच राहिला. अडलेल्या गाभण शेळीला बघायला आजही लोक तिला घेऊन जायचे. गिरणीत धान्य आलं, धान्याला उंदीर आले, उंदरांना मांजर आलं. इथवर सगळं निसर्गनियमानं झालं. पुढचं मात्र वस्तीनं केलं.

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे टेकवस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पिल्लं पोत्यात घालून गिरणीच्या दारात सोडली, तर मात्र काहीच वाहावं लागत नाही. पुण्य शाबूत आणि घरही मोकळं. त्यामुळं महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी गिरणीचं दार उघडलं की पायरीवर पोतं असायचं. ठेवणारा तासाभरानं दळणाचा डबा घेऊन यायचा आणि हळहळायचा, "काय मानसं असत्यात! मुक्या जिवाला टाकून जायाला हात तरी कसा धजतोय?" सिंधुबाई डब्याकडं बघायची, माणसाकडं बघायची आणि बाजरी चाळायला घ्यायची. पोत्यावरचे शिक्के तिला वाचता येत होते. कुणाच्या घरचं बांधकाम चालू आहे हे वस्तीवर कुणापासून लपून राहतं?

गेल्या दिवाळीला मात्र तिची पंचाईत झाली. कुणाच्या तरी भाकरीत मांजराची मिशी निघाली. निघाली म्हणे, ती मिशी बघितलेला माणूस शेवटपर्यंत सापडला नाही. पण ग्रामसभेत विषय निघाला आणि सिंधुबाईला भर सभेत कबूल करावं लागलं की गिरणीत तीनच मांजरं राहतील, चौथं दिसलं तर गिरणीला कुलूप. त्या वेळी तिच्याकडं अकरा होती.

मग तिनं त्यांना घरं शोधायला घेतली. गिरणीवर सगळं गाव येतं. दळण पडेपर्यंत माणूस बसून राहतो, त्याला पळता येत नाही. ती विचारायची, उंदीर फार झालेत का? कुणाला झालेले नसतात? मग पुढची चौकशी. दूध किती निघतं, घरात कुत्रं आहे का, सून कशी आहे, रात्री दार लावता की उघडं असतं. बापानं पोरगी देताना विचारले नसतील एवढे प्रश्न. समोरच्याचा मात्र एकच प्रश्न असायचा.

"बोका हाय का भाटी?"

भाटी म्हटलं की हात मागं. भाटी वर्षातून दोनदा घर भरते. सिंधुबाईनं पंधरा दिवस खरं सांगून बघितलं. मांजरं तिथंच राहिली. सोळाव्या दिवशी तिनं तात्यांना विचारलं, "मला सांगा, गाईला कालवड पायजे, म्हशीला रेडी पायजे, शेळीला पाट पायजे, मांजराला बोका पायजे आनि सुनंला पोरगा पायजे. देवाला हे सगळं पाठ कसं व्हावं?" तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. ते फारसं कधी बोलत नसत.

त्या दिवसापासून गिरणीतली सगळी मांजरं बोके झाली.

"बोका हाय," ती सांगायची. तोंडावर रेष हलायची नाही. आणि यातली गंमत अशी की, बैल घ्यायचा तर दात मोजणारी, शेपटीचा गोंडा बघणारी, पाठीवरचे भोवरे तपासायला बारामतीच्या बाजारात अर्धा दिवस उन्हात उभी राहणारी ही माणसं. पण मांजर फुकट होतं. फुकटाच्या जिनसाची शेपटी उचलून बघायची कुणाला गरज वाटली नाही. दोन महिन्यांत आठ बोके आठ घरी गेले. त्यात पेंडीच्या खोलीसाठी चेअरमनसाहेबांनी स्वतः निवडून नेलेला पिवळा होता.

"आज सकाळी डेअरीवर समद्यांनी आपापलं मांजर आनून बघितलं," आबासाहेब आता दारात सांगत होते. "आठातल्या सात भाट्या! काय ती शोभा! येका हातात किटली, येका हातात मांजर, आनि रांगंत उभं राहून शेपट्या वर! आवं, दुधाची गाडी खोळंबली."

"आनि आठवा?"

"आठवा बोका हाय. चुकून दिला आसंल तुमी."

हे मात्र खरं होतं.

"हे पोतं घ्या," आबासाहेबांनी हात पुढं केला. "बाकीची सा बी येतील माघारी. न्हाईतर येत्या सोमवारी माझी जीप भिगवणला चाललीय. डाळजच्या पुढं हायवेच्या पल्याड सोडून देतो समदी. तितनं काय परत येत न्हाईत."

हायवे ओलांडून परत येणारं मांजर पहिल्याच ट्रकखाली जाईल, हे सांगायची गरज नव्हती. माघारी घेतली तर गिरणीत दहा होतात, वर चार पिल्लं, म्हणजे कुलूप. नाही घेतली तर डाळज. सिंधुबाईनं पोत्याचं तोंड उघडलं. आत पिवळी मांजर चार पिल्लांवर अंग टाकून बसली होती आणि रागानं फिस्कारत होती.

"आबासाहेब, समद्यांची आडचन काय हाय? भाटी हाय ही, का ती विती ही?"

"ती विती ही!"

"मग ती व्यायची थांबली तर?"

"सोमवार," आबासाहेब म्हणाले आणि पोतं तिथंच ठेवून निघाले. जाताना शर्टावरचा एक केस त्यांनी चिमटीत धरून झटकला.

जनावरांचा दवाखाना वस्तीपासून दोन मैलांवर होता. सिंधुबाई पोचली तेव्हा डॉक्टर एका गाईच्या मागं उभे होते आणि त्यांचा डावा हात खांद्यापर्यंत गाईत होता. लातूरकडचा तरुण माणूस. आल्यापासून दीड वर्ष त्याचा तो हात बहुतेक आतच असायचा.

"मावशी, मांजराच्या नसबंदीचं इथं काही होत नाही," त्यांनी गाईच्या पलीकडून सांगितलं. "सोयच नाही."

"बैल ठेचता न्हवं तुमी?"

"तो नर असतो. बाहेरच्या बाहेर होतं."

"म्हंजे मादीचं येत न्हाय म्हना की."

गाईनं शेपटी फिरवली ती डॉक्टरांच्या तोंडावर बसली. त्यांनी हात बाहेर काढला, मोजा उतरवला आणि जरा तापूनच म्हणाले, "येत नाही कसं? परभणीला शिकताना मी एक कुत्री केलीय. सरांनी वर्गाला बोलावून टाके दाखवले होते."

"मग कुत्रं आनि मांजरात असा कितीसा फरक? कुत्र्याएवढं भुकत न्हाय, येवढंच."

कंपाउंडर चाँदभाई औषधाच्या खिडकीतून हे सगळं ऐकत होते. वीस वर्षांत त्यांनी चार डॉक्टर पचवले होते. "करून टाका सायेब," ते म्हणाले. "सिंधुमावशी उठनार न्हाय आता. मागं एका बकरीपायी तीन दिवस बसलेली."

डॉक्टरांनी रात्रीत जुन्या वह्या काढल्या. भुलीचं इंजेक्शन गाईला किती आणि मांजराला किती, हे त्यांनी तीन वेळा मांडून बघितलं. बारामतीहून बारीक सुया आणल्या. पिवळीचं आत्ता करता येणार नाही, पिल्लं अंगावर पितात तोवर दीड महिना थांबायला हवं, हे त्यांनी आधीच बजावलं. तेव्हा सिंधुबाईनं पिवळी आणि तिची पिल्लं आपल्या घरात चुलीमागं ठेवली आणि उरलेल्या सहाजणी घरोघर जाऊन गोळा केल्या. लोकांनी आनंदानं दिल्या. एकानं तर पोतंही बरोबर दिलं, नवंकोरं.

पहिली मांजर टेबलावर आडवी झाली तेव्हा अडचण निघाली ती चाँदभाईंच्या रजिस्टरात. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. सातवा रकाना नव्हता.

"हिला कुठं घालू?" चाँदभाईंनी विचारलं.

डॉक्टरांच्या हातात वस्तरा होता आणि कपाळावर घाम. "चाँदभाई, कुठंही घाला हो! भूल चढलीय तिला."

चाँदभाईंनी मांजर वर उचलून वजनाचा अंदाज घेतला. तीन किलो. तीन किलोची गाय नसते. कोंबडी असते, पण कोंबडीचं पोट फाडून टाके घातले असं लिहिलं तर वाचणारा काय म्हणेल? त्यांनी विचार करून मेंढीच्या रकान्यात लिहिलं: कोकरू, नग एक, शस्त्रक्रिया. मालकाचं नाव: सिंधुबाई मानसिंग देवकाते.

त्या पहिल्या कोकराला दीड तास लागला. टाके झाल्यावर ते दुपार टळेपर्यंत उठलं नाही. सिंधुबाई गोणपाटावर बसून राहिली, एक हात त्याच्या बरगड्यांवर. डॉक्टर दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून बाहेर यायचे, तिच्या हाताकडं बघायचे आणि आत जायचे. चारच्या सुमाराला मांजरीनं एक कान हलवला. डॉक्टरांनी चाँदभाईंना चहा सांगितला, तोही बिनसाखरेचा नको, चांगला गोड. शनिवार सकाळपर्यंत सहा कोकरं पार पडली. शेवटचं पस्तीस मिनिटांत.

घरात आता चुलीमागं पिवळी आणि पिल्लं, आणि पलंगाखाली पोटाला पट्ट्या बांधलेल्या सहाजणी. तात्या जमिनीवर झोपायला लागले. "गिरनीत तीनच हायत," सिंधुबाई म्हणाली. "घरात किती, ते ग्रामसभंत ठरलं न्हवतं."

त्याच शनिवारी दुपारी आबासाहेब आपली कालवड घेऊन दवाखान्यात गेले. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. उघडा कागद दिसला की आबासाहेब तो वाचतात. दुसऱ्याचा असला तर दोनदा वाचतात. त्यांनी बोट ठेवून वाचलं. सिंधुबाई देवकाते, कोकरू. सिंधुबाई देवकाते, कोकरू. असं सहा वेळा. या बाईकडं सतरा वर्षांत मेंढीची लेंडीसुद्धा पडलेली नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे कोकरं कागदावर घेतलेली. आणि माणूस उगीच कशाला कागदावर कोकरं घेईल? आबासाहेबांचा स्वतःचा एक गोठा कागदावर उभा होता, त्याला पत्रेही कागदावरच लागले होते, त्यामुळं त्यांना फार विचार करावा लागला नाही.

योजना आली होती. मेंढपाळांसाठी. आणि चेअरमनला डावलून गिरणीवाल्या बाईनं ती आधी गाठली होती.

"चाँदभाई, हे कोकराचं काय हाय?"

चाँदभाईंनी एकदा रजिस्टराकडं बघितलं, एकदा आबासाहेबांच्या तोंडाकडं. आयुष्यात एवढी सोन्यासारखी संधी माणसाला फार वेळा मिळत नाही. "मला कुठं काय ठावं," ते म्हणाले. "मी नुसतं लिवतो. पन येक हाय. तपासनी आली, तर जनावर मालकाच्या घरी दिसाया पायजे. न्हाईतर नाव कटतंय."

सहा भाट्या आणि सहा कोकरं यांचा मेळ आबासाहेबांनी उभ्या उभ्या घातला, आणि संध्याकाळी दुधाच्या रांगेत तो सगळ्या डेअरीला कळला. सोमवारी जीप भिगवणला गेली, रिकामी. त्याच्या आदल्या दिवशीच सिंधुबाईच्या अंगणात सहा घरची सहा माणसं उभी होती.

"मांजर आमचं आनि नाव तुमचं? ह्यो कुठला न्याय?"

"तुमीच न्हवं का पोत्यासकट दिलीत?" सिंधुबाईनं विचारलं.

"ते रागाच्या भरात. घरच्या जनावराला कोन असं टाकतं का?"

तिनं एकेकीला बाहेर आणलं. पट्टी कशी बदलायची ते दाखवलं, कोरड्यात ठेवा, उडी मारू देऊ नका, म्हणून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि चाँदभाईंकडं नावं बदलायला गेले. बुधवारी आठवा मालक आला, खऱ्या बोक्याचा. त्याची तर फसवणूकच झाली होती. सगळ्यांची कोकरं लागली आणि याचं तेवढं राहिलं. डॉक्टरांनी त्याचा बोका दहा मिनिटांत करून दिला. हे काम त्यांच्या हातातलं होतं. चाँदभाईंनी कोकरू, नग एक, लिहिलं.

रात्री तात्यांनी विचारलं, "योजना हाय का खरंच?"

"न्हाय."

"मग सांगत का न्हाईस?"

"मी येक शबूद तरी बोलले का? बोका हाय म्हनाले, ते पाप माझं. हे ज्याचं त्यानं केलंय."

तात्यांनी कूस वळवली. "पन तुला बरं वाटतंय," ते म्हणाले. तिनं दिवा बारीक केला.

आबासाहेब पिवळीला पिल्लांसकट परत घेऊन गेले ते दुसऱ्या दिवशी. या खेपेला पोतं नव्हतं. वेताची पाटी होती आणि तिच्यात जुनं धोतर. दीड महिना त्यांनी पिवळीला वाटीभर दूध घातलं, तपासणीला जनावर तगडं दिसावं म्हणून. पिल्लं खायला लागली तेव्हा तीन त्यांनी डेअरीवरच वाटली. घेणाऱ्यानं विचारलं की चेअरमनसाहेब छातीवर हात ठेवून सांगायचे, "बोका हाय." चौथं डाळजच्या एका हॉटेलवाल्यानं मागून नेलं, त्याच्या कोठीत उंदीर झाले होते.

फाल्गुनात पिवळीचं ऑपरेशन झालं. रात्रभर ती सिंधुबाईकडं राहिली. सकाळी आबासाहेब न्यायला आले. या वेळी त्यांनी कुंपणापासूनच हाक घातली, "सिंधुबाई, आमचं कोकरू झालं का तयार?" आणि ओसरीवर टेकत पुढं झुकले. "मला खरं सांगा. पत्र कधी येनार? धा मेंढ्या आनि येक नर, असं ऐकतोय मी."

सिंधुबाई पिवळीला उचलून आणत होती. तिचं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. हातात दावं होतं. बारीक सुताचं, नवं वळलेलं, पुढं फास आणि मागं खुंटीची गाठ.

"हे कशाला?"

"तपासनीला दावनीला दिसाया पायजे न्हवं? गळ्यातनं काढून घेती वो ही चांडाळीन. म्हनून पोटाला बांधायचं. मळ्यातल्या गोठ्यात. आठ-पंधरा दिवस राहील बांधलेली, काय मरत न्हाय."

पिवळीच्या पोटावर काल घातलेले पाच टाके होते. सिंधुबाईनं तिला खाली ठेवलं नाही. उंबऱ्यात तात्या येऊन उभे राहिले. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"आबासाहेब," ती म्हणाली, "योजना न्हाय."

"म्हंजे? बंद झाली?"

"न्हवतीच. रजिस्टरात मांजराला रकाना न्हाय, म्हनून चाँदभाईंनी कोकरू लिवलं. मी गप बसले. गप बसल्यानं मांजरं घरी ऱ्हायली, म्हनून बसले."

आबासाहेबांनी दाव्याकडं बघितलं, मग पिवळीकडं. दीड महिन्याचं दूध त्यांच्या तोंडावर एकेक वाटीनं हिशोबाला येताना दिसत होतं.

"मग ही काय हाय?"

"मांजर हाय. भाटी हाय. आता कधी विनार न्हाय." तिनं पिवळीला त्यांच्या समोर धरलं. "रागवायचं तर माझ्यावर रागवा, मी खोटं बोलले. पन ते दावं हितंच ठेवा. टाके निघेस्तवर, म्हंजे धा दिवस, हिला तुमच्या घरात चुलीपाशी मोकळी झोपू द्या. येवढंच मागते."